शुक्रपेशीतील पहारेकरी

भिलाईला प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला घरची मंडळी एक दृश्य हटकून दाखवितात. रात्र पडली की पोलाद कारखान्याच्या बाजूने आकाशावर तांबूस उजेड चढतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वेळी भिलाई मध्य प्रदेशाच्या दुर्ग जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर २००० पासून ती छत्तीसगड राज्यात मोडते. कारखान्याबरोबर देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. नागपूर-वऱ्हाडाकडची मराठी कुटुंबेही आली आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांत स्थिरावली.

अशा एखाद्या घरातील चुणचुणीत मुलाने वडिलांना विचारावे, “बाबा, ज्या भांड्यातून वितळलेले लोखंड नेतात ते भांडे स्वतः का वितळत नाही?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर ज्याला नीट समजले त्याला कारखान्याचा निम्मा कारभार समजला. झोतभट्टीतून बाहेर पडणारा लोहरस सुमारे १,४०० ते १,५०० अंश तापलेला असतो. तो वाहून नेणारे पात्र, ज्याला कामगार लॅडल म्हणतात, पोलादाचेच असते. ते टिकते ते आतील अग्निरोधक विटांच्या अस्तरामुळे. अस्तर शाबूत असेल तर लोहरस हवा तेथे, हव्या त्या वेळी ओतता येतो. अस्तराला भगदाड पडले, तर जो रस रूळ आणि पत्रे घडविणार होता तोच पात्राला खाऊन टाकतो.

जीवशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पात्राविषयी विचारला. ते पात्र म्हणजे पुरुषाची शुक्रपेशी. तिच्या माथ्यावर प्रथिने विरघळविणारा तीव्र रस साठविलेला असतो. मग तो रस शुक्रपेशीलाच का विरघळवीत नाही? तिचे अस्तर कोणते, आणि ते नेमके कोणत्या जागी असते? या शोधाची हकीकत मनोरंजक आहेच. परंतु तिचा आपल्या घरांतील एका जुन्या दुःखाशीही निकटचा संबंध आहे. म्हणून ती येथे थोडी सविस्तर सांगावी असे वाटते.

कापणारे आणि आवरणारे

आपल्या शरीरातील बहुतेक रासायनिक घडामोडी विकरांच्या साहाय्याने होतात. विकर म्हणजेच एंझाइम. काही विकरे पदार्थ जोडतात, तर काही तोडतात. हिरव्या पपईचा तुकडा मटणात घातला की ते लवकर मऊ होते, हे आपल्या गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पपईच्या चिकातील पपेन नावाचे विकर मांसातील प्रथिनांचे धागे कापते, हे त्याचे कारण.

जेथे कापणारे आहे तेथे आवरणारेही असावे लागते. सोयाबीन कच्चे खाऊ नये, चांगले शिजवून खावे, असे सांगतात. त्यामागे हेच तत्त्व आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून धरणारे एक प्रथिन असते. उष्णतेने ते बरेचसे निकामी होते. कुनिट्झ या शास्त्रज्ञाने ते १९४५ साली स्फटिकरूपात वेगळे करून दाखविले. अशा प्रथिनांना विकररोधक म्हणतात. विकराच्या कापणाऱ्या जबड्यात हे प्रथिन पाचरीसारखे जाऊन बसते आणि जबडा मिटूच देत नाही.

आपले स्वादुपिंड रोज ट्रिप्सिन तयार करते. ते स्वतःच पचून जाऊ नये म्हणून निसर्गाने दुहेरी बंदोबस्त केला आहे. विकर प्रथम निष्क्रिय रूपात तयार होते, आणि चुकून थोडे आधीच सक्रिय झालेच तर त्याला तेथल्या तेथे अडविणारा रोधकही स्वादुपिंडच बनविते. हा रोधक काझाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली वेगळा केला. त्याच घडणीच्या इतर रोधकांनाही आज काझाल-गटाचे रोधक म्हणतात. या रोधकाच्या जनुकात दोष असणाऱ्यांना स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचा धोका वाढतो, हे २००० साली उघडकीस आले. पुढे भारतीय रुग्णांतही तसाच दोष आढळला. पहारेकरी दुबळा पडला की घराला आतूनच आग लागते, ती अशी.

माथ्यावरचे शिरस्त्राण

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्याला दिसले. त्या शुक्रपेशी होत. एका शुक्रपेशीची लांबी शेपटीसह मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास भरते. डोके तर जेमतेम चार-पाच सहस्रांश मिलिमीटरचे. त्या डोक्यात पित्याकडून अपत्याला मिळणारा सारा आनुवंशिक ठेवा घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. डोक्याच्या पुढच्या भागावर टोपीसारखी एक पिशवी बसविलेली असते. शास्त्रज्ञ तिला अ‍ॅक्रोसोम म्हणतात. आपण सोयीसाठी शिरस्त्राण म्हणू.

या शिरस्त्राणात विकरे भरलेली असतात. त्यांतील प्रमुख विकराचे नाव अ‍ॅक्रोसिन. ते ट्रिप्सिनचेच भावंड म्हणता येईल. स्त्रीबीजाभोवती एक पारदर्शक कवच असते. शुक्रपेशी त्या कवचाला भिडली की शिरस्त्राण उघडते, विकरे बाहेर येतात आणि पुढचा मार्ग सुकर होतो. १९५१ साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी एकमेकांना न कळता एक गोष्ट शोधून काढली: बाहेर पडल्याबरोबर शुक्रपेशी फलनास समर्थ नसते, स्त्रीच्या शरीरात काही काळ घालविल्यावरच तिला ते सामर्थ्य येते. म्हणजे या हत्याराला योग्य वेळ येईपर्यंत म्यानात राहावे लागते.

वेळेआधी म्यान उघडले तर पेशी वाया जाते. आणि पेशी घडत असतानाच हत्यार आत सुटले तर पेशी जन्मालाच येत नाही. हे दुसरे संकट किती खरे आहे हे कळायला बराच काळ जावा लागला, कारण पहारेकरी कोठे उभा आहे हे आधी ठरवावे लागले.

पाणी कोणत्या झऱ्याचे?

१९७० नंतरच्या दशकात जर्मनीत म्युनिक येथे फ्रिट्झ आणि त्यांचे सहकारी वीर्यातील विकररोधकांचा कसून अभ्यास करीत होते. अ‍ॅक्रोसिनला अडविणारे एक लहानसे प्रथिन त्यांना मानवी वीर्यात आढळले. ते काझाल-गटातीलच होते. आज त्याला स्पिंक-दोन असे नाव आहे.

परंतु वीर्यात सापडले म्हणजे शुक्रपेशीत सापडले असे होत नाही. वीर्याच्या एकूण द्रवात शुक्रपेशींचा वाटा अगदी थोडा, शेकडा पाचाच्याही आत असतो. उरलेला द्रव शुक्राशय, अष्ठीला म्हणजे प्रोस्टेट, अशा निरनिराळ्या ग्रंथींतून येतो. गावच्या विहिरीत चार झरे फुटलेले असावेत आणि पाण्याला एखादी विशिष्ट चव यावी. ती कोणत्या झऱ्याची हे विहिरीवर उभे राहून सांगता येत नाही, आत उतरावे लागते. सारे वीर्य घुसळून त्यातील प्रथिन मोजले तर किती आहे ते समजते. कोठे आहे ते समजत नाही. आणि पहारेकऱ्याचे काम त्याच्या जागेवरून ठरते. तो बाहेरच्या द्रवात असेल, तर मेलेल्या पेशींतून सांडलेले विकर आवरून आसपासच्या ऊतींना वाचविणे हे त्याचे काम असेल. तो शिरस्त्राणाच्या आत असेल, तर खुद्द शुक्रपेशीचा जीव त्याच्यावर अवलंबून असेल.

जागा शोधण्याची युक्ती मोठी चतुर आहे. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा ते सशासारख्या प्राण्याला टोचतात. त्याचे शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनविते. हे प्रतिपिंड असंख्य प्रथिनांच्या गर्दीतून आपले एकच प्रथिन ओळखून त्याला चिकटते. मग त्या प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडतात. हार्वर्ड येथील कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली ही रीत प्रथम वापरली. धुतलेल्या शुक्रपेशी काचपट्टीवर पसरून त्यांवर असा द्रव सोडला आणि विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की काळोखात जेथे हिरवा उजेड दिसेल तेथे प्रथिन आहे असे समजायचे.

यात फसगत होण्याचाही संभव असतो. एखादे प्रतिपिंड भलत्याच ठिकाणी चिकटते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा संशोधक त्याच सशाचे, प्रथिन टोचण्यापूर्वीचे रक्तद्रव्यही वापरून पाहतो. त्यानेही तोच उजेड दिला तर तो खोटा. शिवाय पेशीचे पटल शाबूत ठेवून एकदा आणि पटलाला छिद्रे पाडून एकदा, असे दोनदा पाहावे लागते. पटल शाबूत असताना उजेड दिसला तर प्रथिन पृष्ठभागावर आहे. छिद्रे पाडल्यावरच दिसला तर ते आत आहे.

शिरस्त्राणाची हद्द ठरविण्यासाठी जी खूण वापरतात ती तर आपल्या शेतातली आहे. भुईमुगाच्या दाण्यात आणि वाटाण्यात अशी काही प्रथिने असतात की ती शिरस्त्राणातील विशिष्ट शर्करांना जाऊन चिकटतात. त्यांना रंगद्रव्य जोडले की शिरस्त्राण टोपीसारखे उजळते. एका रंगाने टोपी आणि दुसऱ्या रंगाने रोधक दाखविला, आणि दोन्ही उजेड एकमेकांवर बसले, तर पहारेकऱ्याचे ठाणे सापडले. याहून बारकाईने पाहायचे तर प्रतिपिंडाला सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडतात. १९७१ पासून प्रचारात आलेल्या या रीतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण काळ्या ठिपक्यासारखा दिसतो.

दोन भावांची कथा

अशा रीतींनी पाहता स्पिंक-दोन हे प्रथिन शिरस्त्राणातच आढळले. इतकेच नव्हे, तर वृषणात शुक्रपेशी अजून गोलसर असते, तिला शेपटीही फुटलेली नसते आणि शिरस्त्राण नुकते कोठे आकार घेत असते, तेव्हापासून हा पहारेकरी तेथे हजर असतो.

त्याचे महत्त्व किती, हे दोन सख्ख्या भावांमुळे कळले. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेले हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. दोघाही भावांच्या वीर्यात एकही शुक्रपेशी नव्हती. त्यांचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले होते. जनुकांची तपासणी केली तेव्हा स्पिंक-दोनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, सारख्याच बिघडलेल्या आढळल्या. उंदरांत मुद्दाम तसाच दोष निर्माण केला असता वृषणातील चित्र स्पष्ट झाले. आवरणारा नसल्यामुळे विकर अवेळी जागे होत होते; शिरस्त्राण जेथे घडते तो पेशीतील गॉल्जी पिंड विस्कटून जात होता; आणि गोल पेशींची वाढ तेथेच थांबत होती. पात्राचे अस्तर बसविण्यापूर्वीच त्यात लोहरस ओतावा, तसे ते झाले.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. जनुकाची एकच प्रत बिघडलेली असेल तर शुक्रपेशी तयार होतात, पण त्यांची प्रत खालावते. इतर शेकडो वंध्य पुरुष तपासले तेव्हा एकाच पुरुषात असा दोष मिळाला. त्यावरून हा दोष विरळा आहे हे उघड आहे. मूल नसलेल्या प्रत्येक पुरुषाने या एका प्रथिनाला दोष देत बसावे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

पहारेकरी एकटा नाही

स्पिंक-दोन हा पहारेकरी एकटा नाही. रक्त गोठण्याच्या क्रियेशी संबंधित असे एक रोधक प्रथिन वीर्यातही असते. २००० साली त्याचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले असता ते इतर बाबतींत धडधाकट होते, पण नर मात्र वंध्य निघाले.

तिसऱ्याचे नाव एपिन. हा आत लपलेला नसून शुक्रपेशीच्या पृष्ठभागावर बसतो. स्खलनानंतर वीर्य प्रथम थिजते आणि सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत पातळ होते. त्याला पातळ करणारे विकर अष्ठीला ग्रंथीतून येते. उतारवयातील पुरुषांच्या रक्तात ‘पीएसए’ या नावाने ज्याची तपासणी करतात तेच हे विकर. एपिन त्याच्या कामावर नियंत्रण ठेवतो आणि शुक्रपेशी कधी पोहू लागावी यातही त्याचा हात असतो.

अमेरिकेतील ओ’रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नर माकडांना एपिनविरुद्ध लस टोचली. ९ पैकी ७ माकडांत प्रतिपिंडे भरपूर प्रमाणात तयार झाली आणि त्या सातही माकडांची प्रजननक्षमता थांबली. टोचणे बंद केल्यावर ७ पैकी ५ पुन्हा पूर्ववत झाली. पुरुषांसाठी संततिनियमनाचे तात्पुरते साधन मिळण्याची एक वाट यातून दिसली. पुढे लशीऐवजी एपिनला चिकटणारे औषधी रेणूही माकडांवर तपासले गेले. परंतु अशी गोळी अद्याप औषधाच्या दुकानात आलेली नाही. तशी जाहिरात कोणी केली तर तीवर विश्वास ठेवू नये. मात्र जे ज्ञान मूल नको असणाऱ्याला उपयोगी पडू पाहते तेच मूल हवे असणाऱ्यालाही मार्ग दाखविते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शास्त्रातही घाईचे निष्कर्ष कसे फसतात याचा एक दाखला येथे द्यावासा वाटतो. अ‍ॅक्रोसिनशिवाय शुक्रपेशी कवच भेदूच शकणार नाही, असा पूर्वी समज होता. १९९४ साली जपानी संशोधकांनी अ‍ॅक्रोसिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांना पिल्ले झाली! तेव्हा अ‍ॅक्रोसिनला फारसे महत्त्व नाही असे पुष्कळांना वाटले. पण २०२० साली तोच प्रयोग हॅमस्टर या प्राण्यावर केला असता अ‍ॅक्रोसिनवाचून फलन होईना. एका प्राण्याचा नियम दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि माणसाविषयी बोलताना तर अधिकच जपून बोलावे लागते.

घरातला प्रश्न

आता प्रयोगशाळेतून घरात येऊ. भिलाईतील, किंवा देशातील कोणत्याही गावचे, एक जोडपे डोळ्यांपुढे आणा. लग्नाला चार वर्षे झाली आहेत. सासूबाईंनी नवस बोलून झाले, वन्संनी ओळखीच्या वैद्यांचा पत्ता दिला. सुनेच्या तपासण्या झाल्या, रक्त काढून झाले, नागपूरपर्यंत खेपा झाल्या. सोमवारचे उपास चालू आहेत. हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून तिचे नाव हळूच गळू लागले आहे. या चार वर्षांत मुलाकडे बोट दाखवून कोणी विचारले नाही, “अहो, याला एकदा तपासले का?” तो धट्टाकट्टा आहे, पाळीवर जातो, वजन उचलतो, मग त्याच्यात काय उणे असणार?

वरील दोन भावांची कथा सांगितली ती याच ठिकाणी उपयोगी पडावी म्हणून. शरीराचे बळ, दाढीमिशा, वैवाहिक संबंधातील सामर्थ्य या गोष्टी एका बाजूला. आणि वृषणातील गोल पेशीच्या माथ्यावर एक चिमुकले प्रथिन आपल्या जागी आहे की नाही, ही गोष्ट दुसऱ्या बाजूला. पहिलीवरून दुसरी ओळखता येत नाही. हा पुरुषार्थाचा प्रश्न नाही आणि पापपुण्याचा तर नाहीच. स्वादुपिंडातला पहारेकरी दुबळा असेल तर आपण त्या माणसाला औषध देतो, त्याची लाज काढीत नाही. मग वृषणातल्याच पहारेकऱ्यासाठी निराळा न्याय का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. असे असता केवळ स्त्रीची तपासणी करीत राहणे म्हणजे दोन चाकांच्या गाडीचे एकच चाक पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे.

आणि पुरुषाची पहिली तपासणी किती सोपी! कापाकापी नाही, वेदना नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर वीर्याचा नमुना द्यायचा. प्रयोगशाळेत शुक्रपेशींची संख्या, हालचाल आणि घडण पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रपेशी आणि ४२ टक्के हालचाल ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. आकडा याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असे नाही, आणि वर आला म्हणजे होईलच असेही नाही. एका नमुन्यावर निकाल देऊ नये. नवी शुक्रपेशी तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचाही परिणाम त्या काळात दिसतो. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

भिलाईसारख्या गावात एक प्रश्न स्वाभाविकपणे निघतो: भट्टीजवळच्या उष्णतेचे काय? वृषण शरीराबाहेर असतात ते शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावेत म्हणूनच. दीर्घकाळ फार उष्णतेत काम केल्याने काही पुरुषांत शुक्रनिर्मिती मंदावू शकते. याचा अर्थ भट्टीवरच्या कामगाराला मूल होत नाही असा नव्हे. साऱ्या वसाहतीतील भरलेल्या शाळा त्याला साक्ष आहेत. मात्र तपासणीला जाताना आपण कोणते काम करतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. तंबाखू आणि दारू सोडणे हिताचे. बळ वाढविण्याच्या नावाखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर विशेष इशारा द्यावा लागेल: बाहेरून घेतलेल्या या संप्रेरकाने स्नायू फुगतील, पण शुक्रनिर्मिती थांबू शकते.

कित्येक कारणांवर उपाय आहेत. जंतुसंसर्ग, वृषणाच्या शिरांची गाठाळ सूज, शुक्रवाहिनीतील अडथळा, संप्रेरकांची उणीव यांवर उपचार होतात. शुक्रपेशी फारच थोड्या असल्या तरी एकेक पेशी सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची रीत १९९२ पासून रूढ झाली आहे. त्यात शिरस्त्राणाचे कामच टळते. स्पिंक-दोनचा पूर्ण अभाव असेल तर तो भरून काढणारे औषध आज नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु खरे कारण कळले तर निष्फळ उपचारांवरचा खर्च थांबतो, आणि दात्याचे बीज घ्यावे की मूल दत्तक घ्यावे याचा निर्णय पतिपत्नींना शांतपणे एकत्र घेता येतो.

बोलण्याची वाट

हा विषय मराठी माणसाला नवा नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. तरीही १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९७० साली मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था उभी राहिली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी या संस्थेच्या आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या सहकार्यातून डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने परीक्षानळीतून गर्भधारणा झालेली मुलगी जन्माला आली. परदेशात जे साधले ते आपल्या सार्वजनिक रुग्णालयातही साधू शकते, हे त्या दिवशी दिसून आले. कर्व्यांच्या काळी ज्या गोष्टी बोलण्याची चोरी होती त्या आज शाळेच्या पुस्तकात आल्या आहेत. माजघरात मात्र त्या अजून पोहोचलेल्या नाहीत.

तेथे त्या पोहोचविण्यास फार मोठी क्रांती नको. एक वर्षभर इच्छा असूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिने वाट पाहिली, की दोघांनी बरोबरच डॉक्टरांकडे जावे. घरातील वडीलधाऱ्यांनी पुढच्या वेळी “सूनबाईला दाखविले का?” असे न विचारता “तुम्ही दोघांनी दाखवून घेतले का?” असे विचारावे. प्रश्नातील एवढा एक शब्द बदलला, तरी एका घरातील एका बाईची चार वर्षे वाचतील.